असेंबल्ड पीसीला ४के आणि ५के मॉनिटर जोडताना

सत्तावीस इंची दोन ४के मॉनिटर आणले, केबल खोचल्या, चित्र आलं. बहुतेक ठिकाणी काम इथंच संपलं असं धरतात. आठवडाभरानं तक्रारी सुरू होतात: माउस चिकटल्यासारखा सरकतो, लाल अक्षरांच्या कडा विसविशीत दिसतात, काळा रंग राखाडी वाटतो. दोष मॉनिटरचा क्वचितच असतो. पोर्ट, केबल, ॲडॉप्टर किंवा सेटिंग यांपैकी एक जरी कमी पडलं तरी ग्राफिक्स कार्ड आणि मॉनिटर आपापसांत तडजोड करतात आणि तुम्हाला न सांगता कमी दर्जाचं चित्र दाखवत राहतात. म्हणून या लेखात जोडणी ‘झाली’ असं म्हणायचं ते स्क्रीन उजळल्यावर नाही, आकडे तपासल्यावर.

ब्रँडेड मशीनमध्ये कोणत्या पोर्टला काय चालतं हे कंपनीनं ठरवून दिलेलं असतं. असेंबल्डमध्ये मदरबोर्ड एका दुकानातला, कार्ड दुसऱ्या, केबल खोक्यात सापडली ती. हा मेळ आपणच घालायचा असतो, आणि तो खरेदीआधी घातला तर मुंबईच्या लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीत दुसरी फेरी पडत नाही.

आधी कागदावर हिशेब

४के म्हणजे ३८४० × २१६०, साधारण ८३ लाख पिक्सेल. प्रत्येक पिक्सेलला लाल, हिरवा, निळा मिळून २४ बिट, आणि हे सगळं सेकंदाला ६० वेळा, म्हणजे ६० हर्ट्झवर. गुणाकार केला की सेकंदाला जवळजवळ १२ गिगाबिट होतात. दोन चित्रांच्या मध्ये सोडावी लागणारी मोकळी जागा धरली की १२.५. रंग १० बिटचे हवे असतील, म्हणजे एचडीआर (उजेड-अंधाराचा जास्त पल्ला दाखवणारं चित्र) किंवा फोटोचं काम असेल, तर १५.७. रिफ्रेश रेट, म्हणजे चित्र सेकंदाला किती वेळा बदलतं तो आकडा, १२० हर्ट्झवर नेला तर ८ बिटलाच २५.८, आणि १४४ ला ३१.४. ५के म्हणजे ५१२० × २८८०. त्याला ६० हर्ट्झ आणि ८ बिटला २२.२, १० बिटला २७.७.

आता समोरची बाजू, म्हणजे पोर्टमधून प्रत्यक्ष चित्रासाठी किती जातं. खोक्यावरचा आकडा नेहमी मोठा असतो, कारण त्यात सिग्नलच्या बांधणीत खर्च होणारा भागही धरलेला असतो.

- एचडीएमआय १.४: ८.१६ गिगाबिट. ४के फक्त ३० हर्ट्झवर.
- एचडीएमआय २.०: १४.४. ४के ६० हर्ट्झ, ८ बिट, तेही काठोकाठ.
- डिस्प्लेपोर्ट १.२: १७.२८. ४के ६० हर्ट्झ, १० बिट आरामात.
- डिस्प्लेपोर्ट १.४: २५.९२. ४के १२० हर्ट्झ ८ बिटला जेमतेम, ५के ६० हर्ट्झही ८ बिटलाच.
- एचडीएमआय २.१: पूर्ण वेगाचं असेल तर सुमारे ४२.

दोन याद्या शेजारी ठेवल्या की बरीचशी कोडी सुटतात. एचडीएमआय २.० वर १० बिट रंग मागितले तर १४.४ च्या नळीत १५.७ मावत नाही. मग कार्ड रंगाची माहिती अर्धी करून पाठवतं, ज्याला ४:२:२ म्हणतात. त्याहून कमी म्हणजे ४:२:०. सिनेमात हे कळत नाही. अक्षरांत लगेच कळतं, आणि देवनागरीत जास्तच: निळ्या पार्श्वभूमीवर लाल मजकूर ठेवा, अनुस्वार आणि रफार आधी विरघळतात.

डिस्प्लेपोर्ट १.४ वरून ४के १४४ हर्ट्झ चालतं ते डीएससी नावाच्या दाबून पाठवण्याच्या पद्धतीमुळे. डोळ्याला फरक जाणवत नाही, पण ती कार्ड आणि मॉनिटर दोघांनाही यावी लागते. एनव्हिडियात आरटीएक्स २० मालिकेपासून आणि एएमडीत आरएक्स ५००० पासून ती आहे. जीटीएक्स १० मालिकेत नाही. एक खाचही लक्षात ठेवा. पुष्कळ कार्डांना चार मॉनिटर चालतात असं लिहिलेलं असतं, पण डीएससी वापरून फार मोठं रिझोल्यूशन जास्त हर्ट्झवर चालवलं की एनव्हिडियाचं कार्ड एका मॉनिटरसाठी आतली दोन आउटपुट यंत्रणा खर्च करतं. मग चौथी स्क्रीन काळी राहते आणि लोक केबल बदलत बसतात.

कॅबिनेटच्या मागे नीट पाहा

सगळ्यात जास्त होणारी चूक सगळ्यात साधी आहे: केबल ग्राफिक्स कार्डाऐवजी मदरबोर्डच्या पोर्टात जाते. कॅबिनेटच्या मागे यूएसबीच्या गर्दीत उभं दिसणारं एचडीएमआय मदरबोर्डचं. त्याखाली आडव्या पट्टीत तीन-चार पोर्ट असतात ते कार्डाचे. प्रोसेसरच्या नावामागे एफ असेल तर इंटेलमध्ये आतलं ग्राफिक्स नसतंच, म्हणजे मदरबोर्डचं पोर्ट मेलेलंच. एएमडीच्या रायझन ५००० मधल्या ५६००एक्ससारख्या, नावामागे जी नसलेल्या प्रोसेसरचंही तसंच.

कार्ड नसेल आणि आतल्या ग्राफिक्सवरच भागवायचं असेल तर इंटेलच्या सहाव्या ते दहाव्या पिढीचा एचडीएमआय मुळात १.४ चा, म्हणजे ४के ३० हर्ट्झ. काही महागड्या बोर्डांवर वेगळी चिप बसवून तो २.० केलेला असतो. बोर्डाच्या मॅन्युअलमध्ये ‘३८४०×२१६० @ ६० हर्ट्झ’ असं स्पष्ट लिहिलेलं सापडलं तरच माना. अकराव्या पिढीपासून प्रोसेसरमध्येच २.० आलं. जुन्या बोर्डाला डिस्प्लेपोर्ट असेल तर डोळे झाकून तेच वापरा. व्हीजीए या चर्चेत नाहीच, आणि ड्युअल लिंक डीव्हीआयची धाव २५६० × १६०० पर्यंत.

कार्डांमध्ये जीटी ७१० अजून दुकानांत दिसतं आणि ‘४के सपोर्ट’ म्हणून विकलंही जातं. ते ३० हर्ट्झचं. केवळ ऑफिसकामासाठी स्वस्त कार्ड हवं असेल तर जीटी १०३० ची एचडीएमआय २.० असलेली आवृत्ती निदान ६० देते. जीटीएक्स १० मालिकेत डिस्प्लेपोर्ट १.४ आणि एचडीएमआय २.०, आरटीएक्स ३० आणि ४० मध्ये डिस्प्लेपोर्ट १.४ आणि एचडीएमआय २.१, आरटीएक्स ५० मध्ये डिस्प्लेपोर्ट २.१. एएमडीच्या आरएक्स ६००० मध्ये १.४ आणि २.१ ही जोडी, आरएक्स ७००० मध्ये डिस्प्लेपोर्ट २.१. डेस्कटॉपच्या चित्राला कार्डाची गेमिंगची ताकद लागत नाही. एक ४के चित्र साठवायला ३३ मेगाबाइट पुरतात. पैसे पोर्टसाठी मोजायचे.

मॉनिटरची पाठही पाहा. एकाच मॉनिटरवर दोन एचडीएमआय असतात, पण कधीकधी एक २.० आणि दुसरं १.४ निघतं, बाहेरून दोन्ही जुळी. शिवाय पुष्कळ मॉनिटरवर १४४ हर्ट्झ फक्त डिस्प्लेपोर्टवर मिळतात आणि एचडीएमआयवर ६० वरच थांबावं लागतं.

केबल: छापील आकड्यांवर जाऊ नका

पाकिटावर ‘४के’ छापलेली केबल ३० हर्ट्झचीही असू शकते, खोटं काहीच नाही त्यात. ‘एचडीएमआय २.१ केबल’ असाही प्रकार नियमात नाही; केबलला आवृत्ती नसते, वेगाचा वर्ग असतो. ४के ६० हर्ट्झला ‘प्रीमियम हाय स्पीड’, आणि त्यापुढच्या सगळ्याला ‘अल्ट्रा हाय स्पीड’. दोन्हींच्या खोक्यावर फोननं स्कॅन करून तपासता येणारं लेबल असतं. दुकानातच स्कॅन करा. डिस्प्लेपोर्टला पूर्ण १.४ चा वेग हवा असेल तर ‘डीपी८के’ प्रमाणित केबल, लांबी दोन मीटरच्या आत. मॉनिटर आर्मवर बसवणार असाल तर दीड मीटरची कमी पडते, कारण आर्मच्या दोन्ही सांध्यांपाशी वळसा सोडावा लागतो. दोन मीटरचीच घ्या.

पाच-दहा मीटर लांब न्यायची असेल, म्हणजे कॅबिनेट दुसऱ्या खोलीत असेल, तर साध्या तांब्याच्या केबलचा नाद सोडून ऑप्टिकल केबल घ्या. तिला दिशा असते. ‘सोर्स’ लिहिलेलं टोक कार्डाला, ‘डिस्प्ले’ लिहिलेलं मॉनिटरला. उलटी लावली तर काहीच दिसत नाही, आणि भिंतीतल्या पाइपातून ओढून झाल्यावर हे कळलं तर दिवस वाया.

स्वस्त डिस्प्लेपोर्ट केबलचा एक विचित्र रोग आहे: विसावी पिन. त्या पिनवर ३.३ व्होल्ट असतात, ॲडॉप्टरला वीज मिळावी म्हणून. दोन यंत्रांमधल्या केबलमध्ये ही पिन दोन्ही टोकांना जोडायची नाही असा नियम आहे. काही उत्पादक जोडतात. मग मॉनिटरची वीज उलटी कार्डात शिरते: पीसी बंद केल्यावरही आतला दिवा लुकलुकतो, सकाळी चालू होत नाही, केबल काढली की लगेच होतो. असं झालं तर पॉवर सप्लायला दोष देण्याआधी केबल बदला.

ॲडॉप्टरची दिशा हा तर वादाचा विषय. डिस्प्लेपोर्टमधून एचडीएमआय काढणारं साधं ॲडॉप्टर ४के ३० च्या पुढे जात नाही. ६० साठी ‘ॲक्टिव्ह’ लागतं. आणि हेच ॲडॉप्टर उलटं, म्हणजे कार्डाच्या एचडीएमआयमधून मॉनिटरच्या डिस्प्लेपोर्टात, चालत नाही. त्या दिशेचं ॲडॉप्टर वेगळं असतं आणि त्याला वीज घ्यायला यूएसबीची शेपटी असते. शेपटी नसेल तर विकत घेऊ नका.

जोडणीचा क्रम

सुरुवात पोर्टपासून नाही, भिंतीतल्या बोर्डापासून. कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावल्यावर मुंग्या येत असतील तर अर्थिंग नाही. पॉवर सप्लायच्या आतल्या फिल्टरमुळे अर्थिंगविना पत्र्यावर २३० च्या निम्मे, म्हणजे सुमारे ११५ व्होल्ट तरंगत राहतात. करंट अगदी थोडा, माणसाला नुसता झिणझिणाट. पण एचडीएमआयची केबल खोचतानाच्या क्षणी तोच करंट मॉनिटरच्या नाजूक चिपमधून वाट काढतो आणि पोर्ट जातं. कॅबिनेटच्या स्क्रूला टेस्टर लावा. दिवा पेटला तर आधी वायरमनला बोलवा. तीन पिनांचा प्लग दोन पिनांच्या सॉकेटात बसवणारी ती छोटी खुंटी फेकून द्या. दोन्ही मॉनिटर आणि कॅबिनेट एकाच, अर्थिंग असलेल्या बोर्डावर घ्या.

मग सगळी बटणं बंद करून:

पहिलं, कार्ड स्लॉटमध्ये पूर्ण बसलंय आणि त्याची ६ किंवा ८ पिनची पॉवर केबल लागलीय हे पाहा. स्वस्त कॅबिनेटमध्ये कार्डाची पट्टी किंचित तिरकी बसते आणि पत्र्याची कड पोर्टवर येते. मग केबलचं जाड टोक एक-दोन मिलिमीटर बाहेरच राहतं. स्क्रू सैल करून कार्ड सरळ करा आणि पुन्हा आवळा. ‘कधी येतं कधी जातं’ या तक्रारीमागे हे कारण अगदी नेहमीचं.

दुसरं, फक्त एक मॉनिटर जोडा, शक्यतो डिस्प्लेपोर्टनं. टोक ‘टक्’ आवाज येईपर्यंत दाबा. काढताना वरचं बटण दाबूनच काढायचं. ओढलं तर कार्डातलं सॉकेट उचकटून येतं. कॅबिनेट आणि भिंत यांत बोटभर नाही, चार बोटं जागा ठेवा, नाहीतर केबल काटकोनात मुडपते.

तिसरं, मॉनिटर चालू करून त्याच्या स्वतःच्या मेनूत जा. इनपुट ‘ऑटो’वर न ठेवता नेमकं पोर्ट निवडा. डिस्प्लेपोर्टची आवृत्ती १.१ किंवा १.२ वर ठेवलेली असेल तर १.४ करा. एचडीएमआयसाठी ‘अल्ट्रा एचडी डीप कलर’, ‘यूएचडी कलर’ अशा नावाचा पर्याय असतो. काही मॉनिटरवर तो कारखान्यातून बंदच येतो आणि तो बंद असेपर्यंत पोर्ट जुन्या वेगानंच चालतं. इथं अनेकांचे अर्धे प्रश्न मिटतात.

चौथं, पीसी चालू करा. जीटीएक्स ९०० किंवा १० मालिकेचं कार्ड असेल आणि विंडोज येईपर्यंत स्क्रीन काळीच राहत असेल, तर ते कार्डाच्या फर्मवेअरचं दुखणं आहे. एनव्हिडियानं २०१८ मध्ये डिस्प्लेपोर्ट १.३ आणि १.४ साठी एक छोटं अपडेट दिलं होतं. तात्पुरता मॉनिटर एचडीएमआयवर घेऊन ते चालवायचं.

पाचवं, कार्डाचा ड्रायव्हर घाला. त्याशिवाय विंडोज मूळ साध्या ड्रायव्हरवर चालतं आणि रिफ्रेश रेट बदलूच देत नाही.

एक मॉनिटर खाली सांगितल्याप्रमाणे तपासून झाला की मगच दुसरा. दोन्ही एकदम लावले आणि एक अडला, तर दोष कार्डाच्या पोर्टचा, केबलचा की मॉनिटरचा हे शोधायला दुप्पट वेळ जातो.

आकडे तपासणे

विंडोज ११ मध्ये सेटिंग्ज, सिस्टम, डिस्प्ले आणि खाली ॲडव्हान्स्ड डिस्प्ले. वर मॉनिटर निवडा. इथं दोन ओळी दिसतात: ‘डेस्कटॉप मोड’ आणि ‘ॲक्टिव्ह सिग्नल मोड’. पहिली म्हणजे विंडोज चित्र काढतंय ते, दुसरी म्हणजे केबलमधून खरोखर जातंय ते. दोन्ही ३८४० × २१६० हवेत. त्याखाली बिट डेप्थ आणि कलर फॉरमॅट: ८ किंवा १० बिट, आणि आरजीबी. फॉरमॅटपुढे ४२२ किंवा ४२० दिसलं तर वर मांडलेला हिशेब कुठेतरी चुकलाय. रिफ्रेश रेट तिथंच बदलता येतो. विंडोज आपण होऊन जास्तीत जास्त निवडेलच असं नाही, १४४ चा मॉनिटर वर्षभर ६० वर चालवणारे पुष्कळ.

नंतर कार्डाचं स्वतःचं पॅनल. एनव्हिडियात ‘चेंज रिझोल्यूशन’ मध्ये यादीचे दोन गट असतात, वर टीव्हीचे आणि खाली ‘पीसी’. एचडीएमआय मॉनिटरला कार्ड बऱ्याचदा टीव्ही समजतं आणि रंगांची मर्यादा ‘लिमिटेड’ ठेवतं. काळा राखाडी दिसतो तो यामुळे. आउटपुट कलर फॉरमॅट आरजीबी आणि डायनॅमिक रेंज ‘फुल’ करा. एएमडीत हाच पर्याय पिक्सेल फॉरमॅट या नावानं आहे. आरजीबी ४:४:४ फुल निवडा.

याच सुमारास आवाज गेल्याचं लक्षात येईल. केबलमधून आवाजही जातो म्हणून विंडोज मॉनिटरलाच स्पीकर मानून बसतं, भले त्याला स्पीकर नसोत. खालच्या पट्टीतल्या स्पीकरच्या चिन्हावरून आउटपुट परत बदला.

अक्षरांचा आकार म्हणजे स्केलिंग. सत्तावीस इंचात ४के म्हणजे इंचाला १६३ पिक्सेल. १०० टक्क्यांवर अक्षरं मुंगीएवढी. १५० टक्के ठेवा. कामाची जागा २५६० × १४४० एवढी मिळते आणि अक्षरं छापल्यासारखी. बत्तीस इंचाला १२५ चालतं. ५के सत्तावीस इंचाला २०० टक्के. रिझोल्यूशन कमी करून अक्षरं मोठी करणं मात्र टाळा. पैसे ४के चे दिलेत आणि पाहताय धूसर १०८०.

डीटीपीवाल्यांसाठी खास. पेजमेकर ७ आणि त्याच्या जोडीनं चालणारी जुनी मराठी फॉन्टची सॉफ्टवेअरं ही स्केलिंग माहीत नसलेल्या काळातली आहेत. १५० टक्क्यांवर ती पुसट दिसतात. त्या प्रोग्रॅमच्या फाइलवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, कम्पॅटिबिलिटी, ‘चेंज हाय डीपीआय सेटिंग्ज’. तिथं सगळ्यात खालच्या चौकटीत खूण करून ‘सिस्टम (एन्हान्स्ड)’ निवडा. मजकूर बराच ठसठशीत होतो. नाहीच जमलं तर एक जुना १०८० मॉनिटर त्या कामापुरता शेजारी ठेवणं हा कमीपणा नाही.

लिनक्सवर एएमडीचं कार्ड असेल तर डिस्प्लेपोर्टच वापरा. एचडीएमआय २.१ चा वेग मुक्त (ओपन सोर्स) ड्रायव्हरमध्ये आणण्याचा एएमडीचा प्रस्ताव एचडीएमआयचे नियम ठरवणाऱ्या एचडीएमआय फोरमनं नाकारल्याचं फेब्रुवारी २०२४ मध्ये बाहेर आलं, कार्डावर २.१ छापलेलं असूनही तिथं ४के १२० अडतं ते त्यामुळे.

एका केबलवर दोन मॉनिटर

मॉनिटरला ‘डीपी आउट’ असेल तर पहिल्यातून दुसऱ्यात साखळी करता येते. पहिल्याच्या मेनूत एमएसटी (एका केबलवरून अनेक मॉनिटर चालवण्याची सोय) चालू, शेवटच्यात बंद. हिशेब तोच: ४के ६० ची जोडी म्हणजे २५.१ गिगाबिट. डिस्प्लेपोर्ट १.२ च्या १७.२८ मध्ये बसत नाही, म्हणून दुसरा मॉनिटर कमी रिझोल्यूशनवर किंवा ३० वर येतो. १.४ च्या २५.९२ मध्ये ८ बिटला बसते. डेस्कटॉपच्या कार्डाला तीन पोर्ट मोकळी असताना हा खटाटोप कशाला, असं आमचं मत.

फक्त यूएसबी-सी असलेला ५के मॉनिटर

खरी कसोटी इथं. ॲपल स्टुडिओ डिस्प्ले किंवा एलजी अल्ट्राफाइन ५के यांना चित्र आत घ्यायला यूएसबी-सीच्याच आकाराचं एकच थंडरबोल्ट पोर्ट आहे. डिस्प्लेपोर्ट नाही, एचडीएमआय नाही. आणि मदरबोर्डवरचं यूएसबी-सी बहुतेक वेळा फक्त डेटाचं असतं. टोक बसतं, चित्र येत नाही.

एक मार्ग म्हणजे डिस्प्लेपोर्टकडून यूएसबी-सीकडे जाणारी केबल. बाजारातल्या बहुतेक केबल उलट दिशेच्या, लॅपटॉपमधून डिस्प्लेपोर्ट मॉनिटरकडे नेणाऱ्या असतात. ‘बायडायरेक्शनल’ लिहिलेलीच घ्या. चित्र येतं, पण यूएसबी जोडलं जात नाही. स्टुडिओ डिस्प्लेला एकही बटण नाही, प्रखरता कमी-जास्त करायची ती संगणकातून यूएसबीवरून. म्हणजे कॅमेरा, स्पीकर, प्रखरता सगळं हातचं गेलं.

पूर्ण मार्ग म्हणजे थंडरबोल्टचं वेगळं कार्ड. ते घेण्याआधी मदरबोर्डवर थंडरबोल्टचा हेडर, म्हणजे पिनांचा जोड, आहे का आणि तुमचा बोर्ड त्या कार्डाच्या यादीत आहे का ते पाहा. कंपनी बोर्डाचीच असावी लागते असं धरून चला. उदाहरणार्थ एसूसच्या थंडरबोल्टईएक्स ४ ला बोर्डावरचा १४-१ पिनचा थंडरबोल्ट हेडर, एक यूएसबी २.० हेडर, पॉवर सप्लायची ६ पिन केबल आणि चार लेनचा पीसीआय एक्सप्रेस स्लॉट लागतो. हे सगळं झालं तरी या कार्डाला स्वतःचं चित्र नसतं. त्याच्या मागे ‘डीपी इन’ नावाची मिनी डिस्प्लेपोर्ट असतात. ग्राफिक्स कार्डाच्या डिस्प्लेपोर्टमधून एक छोटी केबल काढून ती कॅबिनेटच्या बाहेरूनच या ‘डीपी इन’मध्ये खोचायची. ही विसरली की मॉनिटरवरची यूएसबी पोर्ट चालतात, स्पीकर वाजतो आणि स्क्रीन काळी. हे लक्षण दिसलं की दुसरं काही उघडू नका. पाठीवर थंडरबोल्ट असलेल्या काही मदरबोर्डवरही असंच ‘डीपी इन’ असतं.

बायोसमध्ये थंडरबोल्ट चालू करा, विंडोजमध्ये इंटेलचं थंडरबोल्ट कंट्रोल सेंटर घाला, उपकरणाला मंजुरी द्या. एलजीच्या २०१६ च्या मॉनिटरला ५के साठी दोन वेगळे डिस्प्लेपोर्ट प्रवाह लागतात, म्हणून त्याला छोट्या केबलही दोन जोडाव्या लागतात. एकच जोडली तर ४के वर थांबतो. सेकंडहँड स्वस्त मिळतोय म्हणून उडी घेण्याआधी या सगळ्या सामानाची किंमत बेरजेत धरा. पुष्कळदा डिस्प्लेपोर्ट असलेला ५के मॉनिटर तेवढ्यातच येतो.

जोडल्यानंतरचे बिघाड

स्क्रीन मधूनच सेकंदभर काळी होऊन परत येते: बहुतेक वेळा केबल वेगाला पुरत नाही. रिफ्रेश रेट एक पायरी खाली आणा; थांबलं तर केबल बदला. एचडीएमआयवर हाच दोष पांढऱ्या चमचमणाऱ्या ठिपक्यांसारखा दिसतो. केबल बदलूनही थांबत नसेल तर खुर्चीवरून उठताना होतं का ते पाहा. थट्टा नाही, गॅस सिलिंडरवर वर-खाली होणाऱ्या खुर्चीतून, विशेषतः कोरड्या थंडीत, स्थिर विजेचा झटका सुटतो आणि कमी आच्छादनाची केबल तो पकडते. चांगली आच्छादित केबल आणि नीट अर्थिंग हाच इलाज.

मॉनिटर झोपल्यावर सगळ्या खिडक्या दुसऱ्या स्क्रीनवर गोळा होतात: डिस्प्लेपोर्टचा मॉनिटर बंद झाला की तो उपटल्यासारखाच धरला जातो. विंडोज ११ मध्ये डिस्प्लेच्या ‘मल्टिपल डिस्प्लेज’ खाली खिडक्यांच्या जागा लक्षात ठेवण्याची चौकट आहे, तिथं खूण करा. मॉनिटरच्या मेनूत ‘डीप स्लीप’ बंद केलं की बरेचदा प्रश्नच मिटतो.

‘नो सिग्नल’ आणि काहीच फरक पडत नाही: मॉनिटरची वीजच काढा, नुसतं बटण नाही. अर्धा मिनिट थांबून पुन्हा लावा. अडकलेली जुळवणी यानं सुटते.

कामाविना बसलेलं कार्डही तापतं, पंखा फिरत राहतो: एक मॉनिटर १४४ वर आणि दुसरा ६० वर असेल तर काही कार्डं मेमरीचा वेग खाली आणतच नाहीत. पहिला १२० वर आणून पाहा.

एका स्क्रीनवर ओटीटीचं चित्र ४के येत नाही: एचडीसीपी २.२ (कॉपी रोखणारं संरक्षण) न जमणारा जुना मॉनिटर दुसऱ्या पोर्टवर लागलेला असेल तर तो काढून पाहा.

सगळं जमल्यावर प्रत्येक केबलच्या दोन्ही टोकांना चिकटपट्टी लावून पोर्टचं नाव आणि मिळालेला हर्ट्झचा आकडा लिहून ठेवा. दिवाळीच्या साफसफाईत कॅबिनेट हलतंच, आणि तेव्हा केबल परत मदरबोर्डातच जाते.